काटा कुठे आहे?

या, असे पुढे येऊन बसा. भिंतीला टेकून बसणाऱ्याला कीर्तन ऐकू येतं, पण बुवांच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नाही, असं माझी आई म्हणायची. म्हणून मी जन्मभर पहिल्या रांगेत बसले. तुम्हीही जवळ सरका. एका काट्याची गोष्ट सांगते. गाडीतला काटा, बोटभर लांबीचा. पण एका रामनवमीला त्यानं मला भर घाटात अडवलं, आणि मी अजून तिथंच कुठेतरी थांबलेय असं वाटतं.

"अहो, बुक्का," मी म्हटलं.

"आत्ताच?" समोरच्या वळणावरून नजर न काढता हे म्हणाले. "अजून घाट चढायला लागलो नाही गो."

"काट्याला सांगा. मी दिसतं ते सांगते."

मागच्या सीटवर नरहरबुवा खांबेटे बसले होते. त्यांनी लगेच पगडी काढून मांडीवर ठेवली आणि कपाळ पुढे केलं.

"लाव," म्हणाले.

"काय, बुवा?"

"बुक्का. तूच म्हणालीस ना?"

ह्यांना हसू आवरेना. गाडी जरा डगमगली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे मोठे हरिदास, पंचक्रोशीत ज्यांचं कीर्तन असलं की लोक जेवण लवकर उरकायचे, आणि ते माझ्यासमोर कपाळ पुढे करून बसलेले! मग मला सगळं समजावून सांगावं लागलं. तुम्हालाही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचा धंदा नारळांचा. बागांतून नारळ उचलायचे आणि घाटावरच्या बाजारात न्यायचे. ह्यांचा डावा पाय माडाच्या झापांनी भरलेल्या गाडीखाली सापडला, तेव्हापासून गुडघा वाकेना. क्लच दाबणं संपलं. धंदा बंद व्हायची वेळ आली. तेव्हा कुणीतरी ही जुनी पिकअप दाखवली: पुढे माणसं बसायला दोन रांगा, मागे उघडा हौदा, आणि क्लच नाही. गिअर आपले आपण पडायचे. ह्यांना उजव्या पायावर गाडी चालवता आली. पहिल्या दिवशी घरापासून बंदरापर्यंत नेऊन आणली, तेव्हा लहान मुलासारखे रडले होते.

पण इस्माईल मिस्त्रींनी गाडीखाली शिरून पाहिलं आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "मयेकर, गाडी झकास. पण हिला क्लच नाही म्हणजे क्लचचं काम तेल करतं. ओझं घेऊन घाट चढलात की हे तेल तापणार. जास्त तापलं की जळतं. मग गिअर धरत नाही, आणि हा गिअरबॉक्स दुरुस्त करण्यापेक्षा गाडी भंगारात दिलेली बरी. इंजिनाच्या काट्यावर जाऊ नका. तो गार दाखवील आणि इकडे हे उकळत असेल. मी वेगळा काटा बसवून देतो."

त्यांनी तो बसवला, पण स्टिअरिंगजवळ जागाच नव्हती. शेवटी डाव्या टोकाला, माझ्या गुडघ्यांसमोरच्या खणावर बसवला. तोंडही माझ्याकडेच. ह्यांना पाहायचा तर मान वाकडी करून रस्ता सोडावा लागायचा. तेव्हापासून माझी जागा ठरली. ह्यांच्या डाव्या हाताला बसायचं आणि काटा वाचायचा.

त्यावरचे आकडे मुंगीएवढे. गाडी हलायला लागली की एकाचे दोन दिसत. मग मी माझीच खूण केली. काटा तळाशी असला की 'नमन'. जरा वर येऊन स्थिरावला, गाडी सुखात चालली, की 'पूर्वरंग'. मध्याच्या पुढे सरकला की 'बुक्का'. कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, सगळ्यांना बुक्का लावतात, घटकाभर दम खातात, तसं गाडीनंही जरा दमानं घ्यायचं. त्याच्याही वर गेला तर 'उत्तररंग', म्हणजे थांबायला जागा शोधा. आणि लाल रेघेला टेकला की 'आरती'. आरती म्हणजे आरती. त्यानंतर पुढे काही नाही.

हे आधी चिडवायचे. "रस्त्यातल्या म्हशीला काय म्हणू? टाळकरी?" पण महिनाभरात ह्यांच्याही तोंडात तेच बसलं. मोकळ्या रस्त्यावर आपणहून विचारायचे, "काटा कुठे आहे गो?" मी म्हणायची, "पूर्वरंग." मग गुणगुणायला लागायचे. लग्नाला इतकी वर्षं झालेली दोन माणसं, बोलायला नवीन काय उरणार? पण त्या प्रश्नोत्तरात आमचा सगळा प्रवास जायचा.

बुवांनी सगळं मन लावून ऐकलं आणि पगडी परत डोक्यावर ठेवली.

"कुमुद, मी इतकी वर्षं उभा आहे, पण माझं कीर्तन कुठवर तापलंय हे सांगणारा काटा मला कुणी बसवून दिला नाही," म्हणाले. "मयेकर, आज मात्र आरतीपर्यंत जाऊ देऊ नका हो. बारा वाजता माझी गरज आहे."

बारा वाजताची गरज मलाही होती, आणि ती बुवांना ठाऊक होती.

घाटमाथ्यावर धारेवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या राममंदिरात जन्माच्या वेळी पाळण्यात नारळ घालतात. सोललेला, शेंडी ठेवलेला, जरीच्या टोपड्यातला. जन्म झाला, पाळणा म्हणून झाला की तो नारळ एका बाईच्या ओटीत जातो. जिची कूस उजवली नाही अशा बाईच्या. दर वर्षी एकच नारळ, आणि वाट पाहणाऱ्या पुष्कळ. त्या वर्षी बुवांनी पंचांना सांगितलं होतं, "यंदा मयेकरांच्या कुमुदच्या ओटीत."

माझ्या केसांत तेव्हा पांढरं दिसायला लागलं होतं. आणखी दोन-चार वर्षांनी मी पदर पसरला असता तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या असत्या. मागायचं तर तेच वर्ष होतं. हिरवी इरकल नेसले होते, ओटीसाठी नवा खण पिशवीत होता. जन्माच्या वेळी पाळण्याजवळ जी बाई उभी असेल तिलाच नारळ; उशीर झाला तर पुढची बाई तयारच असते. राम काही कुणासाठी जन्मायचा थांबत नाही.

आणि अशा दिवशी हे हौदाभर नारळ घेऊन निघाले होते! असोले, म्हणजे न सोललेले, सालीसकट.

"आजच्या दिवशी तरी रिकामी गाडी नेली असती," मी सकाळी म्हटलं होतं.

"वर चाललोच आहे तर रिकामी कशाला? बाजारात उतरवू नि येऊ."

"ओझ्यानं तेल तापेल."

"तू आहेस की सांगायला," हे म्हणाले होते. मला ते तेव्हा लाडाचं वाटलं होतं.

घाटाच्या पायथ्यालाच जांभ्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक पुढे आला. माणूस चालत जाईल त्याहून सावकाश. रस्ता अरुंद, वळणामागून वळण, ओलांडून जायला जागा नाही. चैत्राचं ऊन. गाडीला वारा लागेना. हे पुढे सरकायचे, थांबायचे, परत सरकायचे. गार हवेचं यंत्र बंद केलं, काचा खाली घेतल्या, गिअर हातानं खालच्यावर अडकवून ठेवला. बुवांचं उपरणं घामानं चिंब झालं.

"काटा कुठे आहे?"

"बुक्का."

पुढच्या वळणावर पुन्हा, "कुठे आहे?"

"बुक्काच. पण वरच्या अंगाला."

"इंजिनाचा तर मध्यावर दिसतोय," बुवा मागून म्हणाले.

"त्याचं ऐकू नका, बुवा. तो गोड बोलतो," हे म्हणाले.

अखेर ट्रकवाल्याला बाजू मिळाली. त्यानं हात दाखवला आणि आम्ही पुढे निघालो. पुढचा रस्ता मोकळा, पण उभा चढ. त्या चढावरून वर पाहिलं की धारेवाडीच्या देवळाचा कळस दिसतो. मला दिसला. उन्हात झळकत होता. आणि चौघड्याचा आवाजही आला. खरंच आला की माझ्या कानांनी आणला कोण जाणे.

"वेळ आहे अजून," बुवा म्हणाले. "एवढा चढ आणि दोन वळणं. पोचतो आपण."

मी खाली पाहिलं. काटा उत्तररंग ओलांडून लाल रेघेच्या बाजूला चालला होता. सावकाश, पण थांबत नव्हता.

"कुमुद," हे म्हणाले. "काटा कुठे आहे?"

ह्यांचे डोळे रस्त्यावर. पुढे खोल दरीचं वळण. तो काटा त्या वेळी जगात फक्त मलाच दिसत होता. मी वर कळसाकडे पाहिलं, परत काट्याकडे पाहिलं. जिभेवर काय होतं ते मी सांगत नाही; तुम्ही ओळखाल. एक शब्द बोलले असते तर ह्यांनी गाडी दामटली असती. माझ्या शब्दावर हे डोळे मिटून चालायचे. कदाचित पोचलोही असतो. आणि त्या गाडीवर ह्यांचं पायावर उभं राहणं होतं.

"काटा, कुमुद?"

"आरती," मी म्हटलं.

ह्यांनी गाडी बाजूला घेतली. करंजाचं झाड होतं, नवी पालवी फुटलेलं. त्याच्या सावलीत थांबवली. गिअर मोकळा केला, हातब्रेक ओढला. इंजिन चालूच ठेवलं.

मी खाली उतरले आणि कठड्यावर जाऊन बसले. रडले नाही. पायवाटेनं पळत गेले असते तरी पोचणं नव्हतं, आणि म्हाताऱ्या बुवांना नि लंगड्या नवऱ्याला उन्हात टाकून देवाकडे कुठल्या तोंडानं पदर पसरणार होते?

बुवाही काठी टेकत उतरले. "मयेकर, ही घरघर बंद करा की. तापलीय ना बिचारी?"

"बंद नाही करायची, बुवा. सगळ्यांना तसंच वाटतं. इंजिन फिरत असतं तोवर ते तेल पुढच्या जाळीतून फिरतं नि वाऱ्यानं निवतं. बंद केलं की जिथं आहे तिथंच उकळत बसतं."

"अस्सं!" बुवा थबकले. "तापलेल्यानं थांबावं, पण बंद पडू नये. आत फिरत राहावं. वा! हे मी उत्तररंगात घेणार हो."

हे माझ्याजवळ आले. पाय आखडलेला, म्हणून कठड्याला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "नारळ उतरवून टाकू का दरीत?"

"आता टाकून काय होणार? तेल निवायचं तेव्हाच निवणार."

"मीच घेतले गो ते. तू नको म्हणालीस."

"असू दे."

"असू दे कसं? तुझ्या ओटीतला एक नारळ, नि मी पोत्यानं नारळ भरून..." ह्यांनी बाहीनं डोळे पुसले.

बुवा पाठमोरे उभे होते, कळसाकडे बघत. पण हरिदासाचे कान! ते गर्रकन वळले.

"मयेकर, काय म्हणालात? हौद्यात काय आहे?"

"नारळ."

"किती?"

"हौदाभर."

"मग रडताय काय? जन्मघर घेऊन फिरताय आणि देऊळ शोधताय! दोरी काढा. कुमुद, ऊठ, माझ्या पिशवीतला शेला आण. जन्माला थोडाच वेळ उरलाय, आणि सुईण रस्त्यावर बसून राहिलीय!"

मला आधी वाटलं, ऊन लागलं म्हाताऱ्याला. पण बुवांनी धोतराचा काचा मारला होता. हौद्यावर ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी होत्या. त्यांतल्या दोन कमानींना ह्यांनी ओझ्याच्या दोऱ्या बांधल्या, बुवांचा तांबडा शेला त्यात घातला, आणि झाला पाळणा. माझ्या वेणीतला मोगऱ्याचा गजरा मी त्याला गुंडाळला. हिरवा खण पिशवीतून काढून आत अंथरला.

"आता नारळ. सोला एक," बुवा म्हणाले.

ह्यांनी कपाळाला हात लावला. "सुळा घरी राहिला, बुवा. त्याच्याशिवाय साल निघायची नाही. कोयतासुद्धा नाही."

पाळण्यात असोला नारळ कुणी घातलेला ऐकलाय? घरात मूल आल्यावर त्याला न्हाऊमाखू न घालता, वारेसकट कुणी पाळण्यात ठेवतं का?

"घाला तसाच," बुवा म्हणाले. "राम काय सोलून आला होता? कवचकुंडलांसकट घाला. म्हणजे, ते कर्णाचं झालं. पण आज चालवून घेईल तो."

मी पोत्यात हात घातला. एक बरा दिसला, गोल, हिरवट पिवळा, देठाशी टोपी असलेला. तो पदरानं पुसला आणि खणावर ठेवला.

तेवढ्यात वरून लाल यष्टी आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. कंडक्टर दारातून वाकला.

"काय हो, गाडी बंद पडली?"

"नाही हो," बुवा म्हणाले, "राम जन्मतोय!"

कंडक्टरनं पाळण्याकडे पाहिलं, पगडीकडे पाहिलं, माझ्या इरकलीकडे पाहिलं. मग आत वळून ओरडला, "उतरा रे, जन्म आहे!" आणि माणसं खरंच उतरली! तीन-चार म्हाताऱ्या, एक लेकुरवाळी, हातात कोंबडी धरलेला एक गृहस्थ. कुणी विचारलं नाही की देऊळ कुठे, पुजारी कुठे. म्हाताऱ्यांनी डोक्यावर पदर घेतले.

"पेटी नाही, बुवा. तबलाही वर देवळात," हे म्हणाले.

बुवांनी डोळे मिटून कान दिला. "मयेकर, गाडी सूर धरून आहे. उगाच म्हणत होतो बंद करा. जरा चढवा बघू. आणखी... आणखी किंचित... हां! तिथंच ठेवा."

हे उजव्या पायानं पेडल तेवढंच दाबून, दारातून अर्धे बाहेर वाकून बसले. एका हातानं दाराच्या पत्र्यावर ठेका धरला. मग कंडक्टर म्हणाला, "तुम्ही पाय सांभाळा, ठेका मी धरतो," आणि मागच्या फाळक्यावर त्यानं असा हात चालवला की बुवांनी मान डोलावली.

कौसल्येला कळा लागल्या इथून बुवांनी धरलं. आवाज थकलेला होता. वरच्या सुराला चिरत होता. पण त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होते, इतकी पुढे की माझ्या पुढे फक्त पाळणा. "राणी म्हणते," बुवा म्हणाले, "मी मागितलं कधी? लग्न झालं त्या दिवसापासून. मिळालं कधी? ज्या क्षणाला त्यानं यायचं ठरवलं त्या क्षणाला. मधल्या काळात मी काय केलं? मी चालू राहिले." आणि गाडीच्या सुरात सूर मिसळून तो लांबवला.

तेवढ्यात वर धारेवाडीत बंदूक उडाली. जन्माची. दरीतून तिचा आवाज घरंगळत आला, पलीकडच्या डोंगराला लागून परत आला. म्हाताऱ्यांनी करंजाची पानं ओरबाडून उधळली. फुलं कुठून आणणार? बुवांनी जुळवून म्हटलं:

हालवा गं पाळणा घाटाच्या वाटे,
उन्हात आला पाहुणा, सावलीत थाटे...

सगळ्यांनी दोरी ओढली. लेकुरवाळीनं ओढली, कंडक्टरनं ओढली. शेवटी माझ्या हातात आली. मी ओढली, आणि तो जड असोला नारळ शेल्यात असा हलला, असा हलला की... जाऊ द्या.

बुवांनी तो खणासकट उचलला. मी पदर पसरला. ओटीत घालताना ते माझ्या कानाशी वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मागच्या सीटवरून मला काटा दिसत होता, पोरी. तू काय म्हणतेस तेवढंच ऐकायचं होतं."

पुढे काय? तेल निवलं. "काटा कुठे आहे?" "नमन." आम्ही वर पोचलो तेव्हा देवळात सुंठवडा वाटून झाला होता. जरीच्या टोपड्यातला नारळ एका कोवळ्या पोरीच्या ओटीत गेला होता. पंच बुवांवर रागावले. माझ्या ओटीतलं ते ओबडधोबड पाहून एक बाई दुसरीला म्हणाली, "असोला? हा काय बाजार आहे?" बुवांनी संध्याकाळी उत्तररंग केला आणि त्यात तेलाचा दृष्टांत घेतला. लोकांना काही कळला नाही. आम्हा दोघांना कळला.

त्या पोरीला पुढच्या वर्षी मुलगा झाला. गोरा, गुटगुटीत. मी त्याला बाळलेणं केलं.

माझा नारळ मी देवघराच्या कोपऱ्यात ठेवला होता. महिने मोजायचे, आणि मोजत नाही असं दाखवायचं. हेही तसंच करायचे. विचारायचे काहीच नाहीत, फक्त स्वयंपाकघरात आले की माझ्याकडे बघायचे. असा एक पावसाळा गेला. मग दिवाळीच्या साफसफाईत ह्यांनी देवघराच्या कोपऱ्यात हात घातला आणि मला हाक मारली. अशी हाक त्यांनी आधी कधी मारली नव्हती.

"कुमुद! लवकर ये गो!"

नारळाच्या टोपीशी कोंब फुटला होता. हस्तिदंती, टोकाला हिरवा, माझ्या करंगळीएवढा.

पाळण्यातला सोललेला नारळ मला मिळाला असता, तर आम्ही तो फोडला असता नाहीतर तो वाळून खडखडीत झाला असता. सोललेल्याला कोंब येत नाही. हे नारळाच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आम्ही दोघं खाली बसून नुसते बघत राहिलो. मग ह्यांनी तो कोंब बोटानं हळूच कुरवाळला, बाळाच्या कपाळावरचे केस सारावेत तसा. त्यापलीकडे माझ्या पोटी काही आलं नाही.

न्हाणीच्या सांडपाण्यावर लावला. हे त्याच्याशी बोलायचे. त्याची उंची भिंतीला लागली, मग कौलांना, मग कौलांच्या वर गेली. गाडीनं नंतरही पुष्कळ वर्षं घाट चढला, तोच गिअरबॉक्स, तीच मी डाव्या हाताला. बुवा गेले. गाडी विकली. काटा तेवढा ह्यांनी काढून घेतला आणि खिडकीत ठेवला; कशालाही न जोडलेला, कायम तळाशी.

ह्यांचं शेवटचं दुखणं तापाचं झालं. अंग असं भाजायचं की पाण्याची पट्टी ठेवली की वाफ निघतेय असं वाटावं. दुपारची वेळ होती. खिडकीतून झाडाची सावली खाटेवर हलत होती. मी कपाळावर हात ठेवला. डोळे मिटलेलेच होते, पण ओठ हलले.

"काटा कुठे आहे गो?"

हात भाजत होता. घाटात त्या वळणावर जो शब्द मी जिभेवरून परत फिरवला होता, तो मी त्या दुपारी बोलले.

"पूर्वरंग," मी म्हटलं.

ते हसले. माझ्या शब्दावर डोळे मिटून चालणारा माणूस. पण माझा आवाजही त्यांना पाठ होता. माझा हात धरून म्हणाले, "बरं. पण इंजिन बंद करू नकोस हं, कुमुद."

मी केलं नाही. अजून चालू आहे.

आता दर रामनवमीला त्या झाडाचा एक नारळ धारेवाडीला जातो. असोला, सालीसकट. बुवांच्या शिष्यानं तशी रीतच पाडली. मी यष्टीनं जाते, डाव्या बाजूची खिडकी धरून. तो चढ आला, करंज दिसला, की डाव्या हाताला बसलेली मी उजवीकडे वळून बघते. तिथं कुणीतरी परकं माणूस पेंगत असतं. त्यालाच सांगावंसं वाटतं, अहो, पूर्वरंग.

तुमच्याकडे माझं एकच मागणं. मी जुन्या वळणाची बाई. नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही, उखाण्यातसुद्धा चार ओळींच्या पदराआड लपवून घेतलं. आजही एवढी गोष्ट सांगितली, 'हे' 'हे' करतच. पण मी गेल्यावर ते नाव घ्यायला घरात कुणी नाही. झाड बोलत नाही. म्हणून एवढं करा, कधी चढावर गाडी तापली, करंजाच्या सावलीत थांबावं लागलं, तर इंजिन चालू ठेवा, आणि तेल निवेपर्यंत एकदा माझ्या माणसाची आठवण काढा. नाव सांगते, जवळ या.

दत्ताराम.